सिक्वेन्स जुळला नाही, एवढ्यावर बारसं होत नाही

नमस्कार. गरम झऱ्यांतल्या नव्या जीवाणूंवरच्या माझ्या लेखावर तुम्ही दोन हरकती घेतल्यात. एक, मी सल्फोलोबसला जीवाणू म्हटलं. दोन, तुमचं म्हणणं, १६एस जनुकाचं (सूक्ष्मजीव ओळखायला वापरतात ते जनुक) माहीत असलेल्या प्रजातींशी साम्य ९७ टक्क्यांखाली आलं की प्रजाती नवी, काम दोन दिवसांचं. जीव वाढवून, नमुना जमा करून नाव देण्याची बाकीची वर्षभराची उठाठेव हा जुन्या मंडळींचा हट्ट.

पहिली हरकत मान्य. सल्फोलोबस आर्किया आहे, म्हणजे जीवाणूंसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या सूक्ष्मजीवांच्या गटातला; लेखात दुरुस्ती केली. (१९७२ मध्ये थॉमस ब्रॉक आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं तेव्हा शीर्षकातच त्याला जीवाणू म्हटलं होतं. पण वूझ आणि फॉक्स यांनी आर्किया वेगळे काढले ते १९७७ मध्ये, त्यामुळे त्यांना सूट आहे, मला नाही.)

दुसरीवर मात्र भांडणार. ९७ हा आकडा जुना झाला, हल्ली ९८.७च्या आसपास धरतात. शिवाय तो एकाच बाजूने कामाचा. साम्य त्याखाली असेल तर प्रजाती बहुधा नवी. पण ९९ टक्के निघालं म्हणजे ती जुनीच, असं नाही. १६एस म्हणजे डीएनएची जेमतेम दीड हजार अक्षरं, तीही फार सावकाश बदलणारी. म्हणून पूर्ण जीनोम, म्हणजे जीवाचा सगळा डीएनए, ताडून बघतात. सरासरी साम्य ९५-९६ टक्क्यांखाली गेलं की प्रजाती वेगळी.

इथवर तुमचं सिक्वेन्स वाचणारं यंत्र पुरतं. पुढचं बघा. अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या ऑक्टोपस स्प्रिंग या गरम झऱ्यातले गुलाबी तंतू ब्रॉक यांनी १९६०च्या दशकातच पाहिले होते. त्यांचा १६एस सिक्वेन्स १९९४ मध्ये आला. तो जीव शुद्ध स्वरूपात वाढवून त्याला थर्मोक्रिनिस रुबर हे नाव मिळालं १९९८ मध्ये. आणि वाढवल्यावर काय दिसलं? स्थिर माध्यमात नुसत्या सुट्या पेशी. माध्यम वाहतं ठेवलं तेव्हा कुठे तंतू! हे त्या दीड हजार अक्षरांत कुठे लिहिलेलं नव्हतं.

वाढवणं सोपं नाही, हे कबूल. ७० अंशांना अगारची (जीवाणू वाढवायच्या जेलीची) प्लेट ठेवली की झाकणावर पाणी, कडा सुटलेल्या, वसाहती ओघळून एकमेकींत. अगारऐवजी उष्णतेत टिकणारा जेलन गम वापरायचा आणि प्लेटा पिशवीत बांधायच्या, हे मला तीन फेऱ्या वाया घालवून सुचलं.

हट्टाबद्दल म्हणाल तर, जीवाणूंच्या नामकरणाच्या नियमांनुसार जिवंत नमुना दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावा लागतो, तोवर नाव तात्पुरतं, 'कॅन्डिडेटस' लावून. पण २०२२ पासून सीक्वकोड ही वेगळी नियमावली आली आहे, तिच्यात जीनोमच्या आधारावर नाव देता येतं. लेखात हे राहिलं, तो दोष माझा. मात्र तिथेही चांगल्या प्रतीचा जीनोम लागतो, एकटा १६एस चालत नाही.

राहता राहिला तुमचा ९४ टक्केवाला सिक्वेन्स. थेट झऱ्याच्या पाण्यातून पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) केला असेल, तर तो कायमेरा, म्हणजे दोन जीवांचा जोड-सिक्वेन्स, नाही ना, हे आधी तपासा. पहिला आणि शेवटचा अर्धा भाग सिक्वेन्सच्या डेटाबेसमध्ये वेगवेगळा शोधायला टाका. दोन्हींची जवळची नाती दोन भलत्याच गटांत निघाली, तर समजा दोन जीवांचे तुकडे ट्यूबमध्येच जोडले गेलेत. तसं नसेल तर कळवा, मला खरंच बघायचा आहे.