'जाण्याआधी' या एका शब्दासाठी रोबोट

माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी घडाघडा वाचते. स्वल्पविराम, पूर्णविराम सगळं सांभाळून. पण "काय झालं गं गोष्टीत?" विचारलं की मान खाली. अशा मुलांना मी वर्षानुवर्षं "पुन्हा वाच" एवढंच सांगत आले. पुन्हा वाचणं त्यांना शिक्षाच वाटायची.

यंदा उसना मिळालेला एक छोटा रोबोट मी मराठीच्या तासाला आणला. मधमाशीसारखा, पाठीवर बाणांची बटणं. एका सूचनेला 15 सेंटीमीटर सरकतो, जागच्या जागी काटकोनात वळतो, बस्स. फरशीवर खडूने तेवढेच चौकोन आखले, त्यांत घर, गिरणी, पोस्ट, शाळा अशी चित्रं ठेवली. फळ्यावर उतारा लिहिला. त्यात एक वाक्य होतं: "दळण घेऊन गिरणीत जाण्याआधी राजूने पोस्टात आजीचं पत्र टाकलं." राजू कुठून कुठे गेला, ते रोबोटकडून चालवून घ्यायचं.

याच मुलीने बटणं दाबली. रोबोट आधी गिरणीत, मग पोस्टात. "चुकला, चुकला!" वर्ग ओरडला. मला वाटलं, आता रडणार. ती उठली, फळ्यापाशी गेली, वाक्यावरून बोट फिरवायला लागली. बोट 'जाण्याआधी'वर थांबलं. "बाई, गिरणी आधी लिहिलीय, पण राजू तिथे नंतर गेला!" तिने जुन्या सूचना पुसल्या (नाहीतर रोबोट आधीची वाटही चालून दाखवतो, हे मुलं पहिल्याच दिवशी शिकतात) आणि नव्या दिल्या.

ती पुन्हा वाचत होती, तेही कुणी न सांगता! चुकला होता रोबोट, ती नव्हे.

अमेरिकेत गणितज्ञ सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी 1967 मध्ये मुलांसाठी 'लोगो' ही संगणकभाषा केली, पुढे तिच्या सूचनांवर चालणारं जमिनीवरचं 'कासव' नावाचं रोबोट-यंत्र आलं. प्रोग्रॅम बरोबर की चूक यापेक्षा तो दुरुस्त कसा करायचा हे पाहा, असं पॅपर्ट म्हणत. आपण हा विचार गणित-विज्ञानाच्या खात्यात टाकून मोकळे झालो. मला तो वाचनाच्या तासाला हवाय. शाळांतल्या अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा, जिथे मुलं रोबोटसारख्या वस्तू स्वतः करून पाहतात) सहावी ते बारावीसाठी आहेत. पण वाचलेलं कळत नाही, हे दुखणं दुसरी-तिसरीतच सुरू होतं. जिथे लॅब आहे तिथे आठवड्यातून एक तास या लहान मुलांना, मराठीच्या पुस्तकासकट, आत बसू द्या.

चिऊ-काऊच्या गोष्टीत तर 'लूप', म्हणजे अट पुरी होईपर्यंत तेच तेच पुन्हा करणं, आयता आहे. काऊ दार वाजवतो, चिऊ म्हणते थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालू दे, मग तीट लावू दे. कुठवर? बाळाचं सगळं आवरेपर्यंत. ही अट मुलांनी स्वतः शोधली.

चिऊने दार लगेच का उघडलं नाही, हे मात्र रोबोट सांगत नाही. त्यासाठी गोल करून बोलावंच लागतं. आणि रोबोट नसेल तर एका मुलाला चौकोनात उभं करा, बाकीच्यांनी सूचना द्यायच्या. आम्ही तसंही केलंय, मजा तेवढीच येते.

परवा तीच मुलगी म्हणाली, "बाई, 'जाण्याआधी' पुसून 'गेल्यावर' लिहू?" लिहिलं. मग खाली बसून तिने राजूची वाट पहिल्यापासून दाबायला घेतली.