कलिंगड कसं ओळखावं

मे महिन्यात मंडईत गेलात की कलिंगडाला टिचकी मारून आतला रंग ताडता ना? माणसांचंही तसंच करायचं. ‘हवामानबदल’ हा शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्याचं पुढचं वाक्य सुरू व्हायच्या आत टिचकी वाजली पाहिजे. इंग्रजी मुलखांत अशा माणसाला सरळ ‘वॉटरमेलन’ म्हणतात. साल हिरवी, गर लाल. म्हणजे वर पर्यावरण आणि आत कम्युनिझम. उन्हाळाभर रस्तोरस्ती कलिंगडांचे ढीग लागणाऱ्या आपल्या देशाला ही शिवी आयात करावी लागली, याची मला मनापासून खंत आहे.

या शिवीत एक बारीकशी अडचण मात्र आहे. ८ नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत उभं राहून, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढतोय, सगळ्या देशांनी मिळून काहीतरी करा, असं ज्या बाईंनी बजावलं त्या ब्रिटनच्या कट्टर उजव्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर होत्या. खाणकामगारांचा संप मोडून काढणाऱ्या त्याच. शिक्षणाने रसायनशास्त्रज्ञ. कुणी हे नाव काढलंच, तर ‘पुढे बाईंचा सूर बदलला होता’ असं ठणकावून सांगा. ते खरंही आहे. खरं बोलायची अशी संधी या वादात वारंवार येत नाही.

आता देशी माल. ‘झोळीवाला’ हा शिक्का जुना झाला. हल्ली त्या लोकांकडेही लॅपटॉपची सॅक असते. ‘विकासविरोधी’ टिकाऊ आहे, पण त्याला सरकारी परिपत्रकाचा वास येतो. ‘आंदोलनजीवी’ हा अस्सल माल, ८ फेब्रुवारी २०२१ रोजी खुद्द पंतप्रधानांनी राज्यसभेत बाजारात आणलेला. पाचच दिवसांनी बंगळुरूच्या दिशा रवी या बावीस वर्षांच्या हवामान कार्यकर्तीला ‘टूलकिट’ प्रकरणात, म्हणजे शेतकरी आंदोलनाला पाठिंबा कसा द्यावा हे सांगणाऱ्या एका ऑनलाइन टिपणावरून, अटक झाली. तिला दहा दिवसांत जामीन मिळाला, पण तो तपशील तुम्ही लक्षात ठेवायची गरज नाही. टूलकिट या शब्दाचा अर्थही कुणाला विचारू नका. पान्ह्या-पक्कडींची पेटी डोळ्यांसमोर येते आणि सगळी भीतीच निघून जाते.

आणखी जालीम हवा असेल तर ‘अर्बन नक्षल’. सप्टेंबर २०२२ मध्ये गुजरातेतल्या एकतानगरला देशभरातले पर्यावरणमंत्री जमले होते. सरदार सरोवर अडवून धरणाऱ्यांसाठी हा शिक्का तिथे पंतप्रधानांच्या भाषणात वापरला गेला. पर्यावरणाच्याच पंगतीत पर्यावरणवाल्यांना असा आग्रहाने वाढलेला पाहून माझा तर ऊर भरून आला.

शिक्क्याचा खरा फायदा मात्र वेगळाच आहे. तो मारला की वाचावं लागत नाही. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळांचंच घ्या. पश्चिम घाटासाठी त्यांची समिती २०१० साली नेमली गेली. ऑगस्ट २०११ मध्ये त्यांनी अहवाल दिला. मंत्रालयाने तो कपाटात ठेवला आणि प्रकरण माहिती अधिकारातून थेट न्यायालयापर्यंत गेलं, तेव्हा कुठे २०१२ च्या मे महिन्यात तो लोकांना दिसला. इतक्या अवधीत ‘विकासविरोधी’ हे एक विशेषण सहज तयार करता येतं, आणि ते झालंही. पुस्तक बाहेर यायच्या आधी परीक्षण लिहून ठेवणाऱ्यांचं आपल्याकडे दुर्भिक्ष नाही. तेव्हा अहवाल उघडू नका. उघडलात तर त्यात जागोजागी ‘ग्रामसभेला विचारा’ असं सापडेल, आणि मग ‘हे वरून लादतायत’ हे तुमचं पाठ केलेलं वाक्य वाया जाईल. गावात एवढंच पसरवा, की हा अहवाल आला तर घरावरचं कौल बदलायलाही दिल्लीची परवानगी लागेल.

पुढे ३० जुलै २०१४ ला माळीण गावावर डोंगर कोसळला. दीडशेहून जास्त माणसं झोपेतून उठलीच नाहीत. २२ जुलै २०२१ ला तळीये, १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी. अशा दिवशी माणसांवर मारायचे शिक्के खिशात ठेवावेत आणि डोंगरासाठीचा वेगळा काढावा: ‘निसर्गाचा कोप’. त्याला शाई फार लागत नाही आणि चौकशीही लागत नाही.

तुम्ही हिरव्या गोटातले असाल तर आतापर्यंत खुशीत मान डोलावत असाल. डोलवा. तुमच्यासाठीही पेटीत बरंच आहे: ‘बिल्डरचा दलाल’, ‘कोळसेवाला’, ‘व्हॉट्सअ‍ॅप विद्यापीठाचा स्नातक’ आणि सगळ्यांचा बाप ‘डिनायर’, म्हणजे हवामानबदल नाकारणारा. हा शेवटचा कसा वापरावा ते राजेंद्र पचौरींकडून शिकावं. नोव्हेंबर २००९ मध्ये व्ही. के. रैना या निवृत्त भूवैज्ञानिकांचा हिमालयातल्या हिमनद्यांवरचा निबंध पर्यावरण मंत्रालयाने प्रसिद्ध केला. हिमनद्यांच्या घटण्याचा संबंध तापमानवाढीशी इतक्यात जोडता येत नाही, असा त्याचा सूर होता. पचौरी तेव्हा आयपीसीसीचे, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीचे अध्यक्ष. त्यांनी एका फटक्यात शिक्का मारला: ‘वूडू सायन्स’, म्हणजे जादूटोण्याचं विज्ञान. दोन महिन्यांत आयपीसीसीला कबूल करावं लागलं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत नाहीशा होण्याची शक्यता सांगणारं आपल्याच अहवालातलं विधान निराधार होतं. हिमनद्या वितळतायत हे खरंच आहे, पण त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचं नाव काढलं की समोरचा नुसतं ‘२०३५?’ म्हणून हसायचा. शिक्का उलटा धरला की शाई आपल्याच हाताला लागते, ती अशी.

माझे एक मामा लातूरकडे शेती करतात. ‘बहात्तरचा दुष्काळ आम्ही पाहिलाय, तेव्हा कुठं होतं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?’ असं ते एका लग्नाच्या पंगतीत म्हणाले. आमच्या शहरी भाचरांपैकी एकाने (तो मीच) त्यांना तिथल्या तिथे डिनायर ठरवलं. मामा गप्प जेवले. मृगाच्या भरवशावर पेरणी करणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं आणि कोणत्या साली पाऊस किती दिवस गडप झाला ते त्यांना वर्षवार पाठ होतं. हे मला दोन वर्षांनी मामीकडून कळलं. साक्षीदार आरोपी करून टाकायचा तर ही पद्धत उत्तम.

‘पाश्चात्यांचे हस्तक’ हा शिक्का दोन्ही गोटांत चालतो, म्हणून किफायतशीर. फक्त दिल्लीचे पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांच्यावर मारू नका. या दोघांनी १९९१ सालीच अमेरिकेला माणशी धुराचा हिशेब विचारला होता. आम्ही भात पिकवतो त्यातून निघणारा वायू आणि तुम्ही मोटारी उडवता त्यांचा धूर, दोन्ही एका तागडीत कसं घालता, असा एकूण रोख.

आकडे समोर आले तर मात्र पंचाईत होते. हवाईच्या मौना लोआवरचं यंत्र १९५८ मध्ये हवेत कार्बन डायऑक्साइडचे दहा लाखांत सुमारे ३१५ भाग दाखवत होतं, आता ४२० च्या वर दाखवतं. यंत्राच्या खांद्याला झोळी अडकवता येत नाही. त्यातल्या त्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांचं सोपं आहे. मध्य भारतात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्या, असं त्यांनी २०१७ साली मांडलं. ‘पुण्याचेच ना? मग बोलणारच’, एवढं म्हणून पान पुसता येतं.

एक व्यावहारिक सूचना राहिली. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, त्या २६ जुलै २००५ सारखा एखादा दिवस पुन्हा येईल आणि तुम्ही छातीभर पाण्यात असाल. तुमचं कलिंगड बंद पडलेल्या बेस्टच्या टपावर बसलेलं असेल. त्याचं खरं नाव आधीच विचारून ठेवा. ‘अहो आंदोलनजीवी, जरा हात देता का’ हे नाकातोंडात पाणी जाताना म्हणायला फार लांब पडतं.