एज्युसिटीच्या आधीची सहा गावं

रविवारी इंग्लंडहून पनवेलला फोन लावला की भाचा हल्ली एकच विषय काढतो. बारावीला आहे तो. "आत्या, आता तिकडे यायची गरजच नाही, तुमची विद्यापीठंच इकडे येतायत." मागून दादाचा आवाज येतो, "फी ऐकलीस का? आपल्यासारख्यांसाठी नाहीत ती." मग बापलेकाची जुंपते आणि मी इकडे फोन कानाला लावून बसते.

हा वाद आता महाराष्ट्रात घरोघरी चालला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये नियम केले आणि जगातल्या पहिल्या पाचशेत बसणाऱ्या विद्यापीठांना भारतात शाखा काढण्याची वाट मोकळी झाली. जून २०२५ मध्ये मुंबईत आयोगाने ॲबर्डीन, यॉर्क, वेस्टर्न ऑस्ट्रेलिया, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आणि इटलीची एक डिझाइन संस्था अशा पाच जणांच्या हाती इरादापत्रं, म्हणजे शाखा काढायला तत्त्वतः होकार, दिली. नवी मुंबईत विमानतळाजवळ त्यांच्यासाठी एज्युसिटी नावाची शिक्षणनगरी आखली आहे. काही जण म्हणतात, बाहेर जाणारा पैसा इथे राहील, मुली घराजवळ शिकतील. इतरांचं म्हणणं, फी ठरवायची मोकळीक त्यांना, आरक्षणाची सक्ती नाही आणि आपल्या विद्यापीठांत मात्र प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या. दोघांचंही खरं आहे. पण दोघंही फक्त पदवीबद्दल बोलतात. विद्यापीठ म्हणजे पदवी देणारं दुकान, हे दोन्हीकडे धरूनच चाललेलं असतं, आणि मला खुपतं ते हेच.

मी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर बारा वर्षं राहते. एका विद्यापीठात संशोधनाचे करार तयार करणाऱ्या विभागात काम करते. परदेशातल्या संस्थांबरोबर होणारा प्रत्येक करार आमच्या टेबलावरून जातो, त्यामुळे ही विद्यापीठं भारताकडे का वळली आहेत हे मला रोज दिसतं. इथल्या मुलांची फी २०१७ पासून ९,२५० पौंडांवर गोठवलेली होती, २०२५ मध्ये ती कशीबशी ९,५३५ झाली. खर्च मात्र वाढतच गेला. ती तूट परदेशी विद्यार्थ्यांच्या फीमधून भरली जायची. जानेवारी २०२४ पासून मास्टर्सला येणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांना नवरा, बायको, मुलं सोबत आणता येत नाहीत. शिक्षण संपल्यावर नोकरीसाठी मिळणारी दोन वर्षं २०२७ पासून दीड वर्षावर येणार आहेत. विद्यार्थी इकडे येणं अवघड झालं, तेव्हा विद्यापीठाने विद्यार्थ्याच्या दारात जायचं ठरवलं. यात पाप काही नाही. पण समोरच्याला आपली इतकी गरज असताना आपण त्याच्याकडे काय मागतो, हा प्रश्न पनवेलच्या फोनवर कधी निघत नाही.

इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन विद्यापीठाचं उदाहरण घ्या. आयोगाच्या नव्या नियमांखाली भारतात आलेलं हे पहिलं विद्यापीठ. २०२५ मध्ये गुरुग्रामला त्यांची शाखा सुरू झाली. विषय कोणते? कॉम्प्युटर सायन्स, बिझनेस मॅनेजमेंट, अकाउंटिंग, अर्थशास्त्र. या विषयांना मागणी आहे, ते समजण्यासारखं आहे. पण साउथॅम्प्टन आपल्याकडे पहिल्यांदा आलं ते त्याच्या तीस वर्षं आधी, पुण्याला, आणि तेव्हा ते फी घ्यायला आलेलं नव्हतं.

साउथॅम्प्टनला डेव्हिड बार्कर नावाचे संशोधक होते. इंग्लंडच्या हर्टफर्डशर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविकांनी घरोघरी जाऊन बाळांची वजनं वह्यांत टिपून ठेवली होती. बार्करांनी त्या वह्या शोधल्या आणि दाखवून दिलं, की जन्मताना आणि पहिल्या वर्षात वजन कमी असलेल्यांना म्हातारपणी हृदयविकार जास्त गाठतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना वेगळंच कोडं पडलं होतं : आपल्याकडे सडपातळ माणसांना इतक्या लवकर मधुमेह कसा होतो? दोन कोडी एकत्र आली. बार्करांच्या सहकारी कॅरोलिन फॉल पुण्याला येत राहिल्या आणि १९९३ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत अभ्यास सुरू झाला.

तो कसा चालायचा ते बघा. लग्न झालेल्या, मूल व्हायच्या वयातल्या सुमारे अडीच हजार बायकांची नोंद केली. फिल्डवर्कर ताई दर महिन्याला प्रत्येकीच्या घरी जाऊन पाळीची तारीख लिहून घ्यायच्या, म्हणजे दिवस राहिले की लगेच कळावं. अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या आठवड्यात काय खाल्लं, किती खाल्लं, शेतात किती राबली, हे सगळं विचारलं जायचं. बाळ जन्मलं की तीन दिवसांच्या आत काटा आणि मोजपट्टी घेऊन माणूस हजर. सासू, नवरा, शेजारीण या सगळ्यांचा विश्वास असल्याखेरीज कुठली बाई परक्या माणसाला दर महिन्याला पाळीची तारीख सांगेल? तो विश्वास लंडनहून विमानाने आलेला नव्हता. पुण्याच्या केईएमनेच डॉ. बानू कोयाजी यांच्या पुढाकाराने सत्तरच्या दशकापासून पुणे जिल्ह्यातल्या वढूच्या परिसरात गावपातळीवर आरोग्याचं काम चालवलं होतं. गावात काम कसं करायचं हे पुण्याला आधीच ठाऊक होतं. पाहुणे त्या ओसरीवर येऊन बसले.

हाती काय लागलं? सरासरी बाळ २.७ किलोचं, साउथॅम्प्टनचं साडेतीन किलोचं. आपल्या बाळाचे स्नायू कमी, पोट बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. दिसायला रोड, आतून मेदयुक्त. आईने एकूण किती उष्मांक खाल्ले यावर बाळाचं वजन फारसं ठरत नव्हतं. पालेभाजी, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं मोठी होती. या निष्कर्षाच्या २००१ मधल्या निबंधावर पहिलं नाव पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शोभा राव यांचं आहे. माझ्या कामात मी लेखकांची यादी आधी वाचते, म्हणून मला हे मोलाचं वाटतं. पुढे कळलं की दोनतृतीयांश आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं, आणि २०१२ पासून त्याच गावांतल्या, आता वयात आलेल्या मुलामुलींना बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. बाळं म्हणून काट्यावर चढलेल्या मुलींची बाळंही पुढे मोजली गेली.

२००४ मध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. भागीदारी म्हणजे काय, हे मला कुणी विचारलं तर मी तो फोटो दाखवते. दोघंही मोजून घ्यायला उभे आहेत.

याच्या उलटही पाहिलं आहे. महाराष्ट्रातल्या एका संस्थेबरोबर आमच्याकडे सामंजस्य करार झाला होता. शाल, नारळ, फोटो सगळं झालं. पाच वर्षांनी मुदत संपली तेव्हा नूतनीकरणाची फाइल माझ्याकडे आली. तिकडे सही करणारे निवृत्त झाले होते, इकडच्या बाई नोकरी सोडून गेल्या होत्या. पाच वर्षांत एकही विद्यार्थी इकडून तिकडे गेला नव्हता, एक पान संशोधन झालं नव्हतं. तरी दोन्ही संस्थांच्या 'आंतरराष्ट्रीय भागीदाऱ्यां'च्या आकड्यात तो करार पाचही वर्षं मोजला गेला. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, कारण त्या कॉलेजच्या मुलांना कुणीतरी खरंच काहीतरी कबूल केलं होतं.

आणि एक छोटी गोष्ट, पण माझ्या मनात घर करून राहिलेली. विभागात मराठी येणारी मी एकटीच, म्हणून एका प्रकल्पाचं मराठी संमतीपत्र तपासायला माझ्याकडे आलं. त्यात होतं : "आपण कोणत्याही क्षणी या संशोधनातून माघार घेऊ शकता." मला ते बरोबर वाटलं. व्हिडिओ कॉलवर गावातल्या फिल्डवर्कर ताई म्हणाल्या, "मॅडम, माघार म्हणजे हरल्यासारखं होतं. बाया म्हणतील, आम्ही कुठे भांडायला आलोय? असं लिहा : नको वाटलं तर सांगा, आम्ही थांबू." आम्ही तसंच लिहिलं. संशोधनाला परवानगी देणाऱ्या इथल्या नीतिसमितीला ते वाक्य समजावून सांगायला मला दोन पानी टिपण लिहावं लागलं. त्या ताईंचं नाव करारात कुठेही नाही, आणि असायला हवं होतं असं मला आजही वाटतं.

शाखांना माझा विरोध नाही. पवईत आयआयटी मुंबई आणि ऑस्ट्रेलियाच्या मोनॅशची संयुक्त संशोधन अकादमी २००८ पासून चालू आहे. पीएचडीचा विद्यार्थी बराच काळ पवईत, काही काळ मेलबर्नला, मार्गदर्शक दोन्हीकडचे. अशा वाटा आपल्याला माहीत आहेत. मग इरादापत्राचा पक्का करार होताना सरकारने त्यांच्यापुढे रायगड जिल्हा ठेवावा. पनवेलपासून तासाभरावर कातकरी वाड्या आहेत, दर उन्हाळ्यात पाण्याचे हाल आहेत, खारजमिनी आहेत. जागा आणि सवलती हव्यात तर प्रयोगशाळा इथे, पीएचडीच्या जागा इथे, आपल्या सरकारी विद्यापीठाचा प्राध्यापक बरोबरीचा मार्गदर्शक, आणि गोळा केलेली माहिती या राज्यात. फीच्या वादाइतकाच जोर या कलमांवर लावला पाहिजे, कारण एकदा सह्या झाल्या की कलम बदलायला किती वर्षं जातात हे मी टेबलावर बघते.

गेल्या रविवारी भाच्याने विचारलं, "मग मी फॉर्म भरू की नको?" म्हटलं, भर. पण त्यांना ईमेल करून विचार, तुमचे शिक्षक इथे राहून संशोधन करणार का, पीएचडी इथे करता येईल का, आणि आजूबाजूच्या गावांत तुम्ही काय काम करणार. त्याने शेजारी पडलेलं माहितीपत्रक उचललं. पानं उलटल्याचा आवाज मला इकडे ऐकू येत होता.

"आत्या, यात हॉस्टेलचे फोटो आहेत. बाकीचं विचारतो मी."