‘इंजिनच नाही, मग तपासायचं काय?’ : फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

दसरा जवळ आला की माहेरच्या, सोसायटीच्या, ऑफिसच्या अशा झाडून सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. ‘इलेक्ट्रिक गाडी घेताय? बिनधास्त घ्या’ अशी त्याची सुरुवात. पुढे सहा गोष्टी असतात. गाडीला इंजिन नाही, म्हणून ताब्यात घेण्याआधी तपासायचं काही नाही. घरातल्या कुठल्याही प्लगला मोबाइलसारखी लावा. फुल चार्जला जाहिरातीतली रेंज, म्हणजे गाडी किती किलोमीटर जाईल तो आकडा, दिसली नाही तर बॅटरी खराब, गाडी परत करा. बॅटरी ८० टक्क्यांच्या वर कधीच भरू नका. बॅटरीला आयुष्यभराची वॉरंटी आहे, काळजी सोडा. आणि शेवटी, सरकार टॅक्स, टोल, कर्जाचं व्याज, सगळ्यात सूट देतं.

मी २०२२पासून इलेक्ट्रिक गाडी चालवते आणि पुन्हा पेट्रोलकडे वळायचा विचारही मनात येत नाही. म्हणूनच हा मेसेज वाचला की जीव तुटतो. आयुष्यभराची पुंजी घालून लोक गाडी घेतात आणि असलं काहीतरी वाचून डोळे मिटून सही करतात. गेल्या दसऱ्याला धाकट्या दिरांनी गाडी घेतली, तेव्हा मी त्यांच्यासोबत होते. या सहापैकी जवळजवळ प्रत्येक गोष्ट आमच्या वाट्याला आली.

‘तपासायचं काही नाही’

मुहूर्ताच्या आठ दिवस आधी आम्ही गावाबाहेरच्या यार्डात गाडी बघायला गेलो. धुळीत पन्नासेक गाड्या उभ्या. आमची सापडली, भाऊजींनी चावीचं बटण दाबलं, काहीच झालं नाही. दाराचं हँडलसुद्धा बाहेर येईना. यार्डातला मुलगा शांतपणे जंप स्टार्टर घेऊन आला, बॉनेट उघडलं, दोन चिमटे लावले आणि गाडी जागी झाली. स्क्रीनवर चार्ज ६४ टक्के.

भाऊजी चक्रावले. ‘वहिनी, बॅटरी अर्ध्याच्या वर भरलेली आहे, मग गाडी मेली कशी?’

याचं उत्तर प्रत्येक घेणाऱ्याला माहीत हवं. इलेक्ट्रिक गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक फरशीखालची मोठी, जिच्यावर गाडी पळते. दुसरी आपल्या नेहमीच्या गाड्यांत असते तशी १२ व्होल्टची छोटी. दारं, दिवे, स्क्रीन, कॉम्प्युटर हे सगळं छोटीवर चालतं. मोठ्या बॅटरीला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिचे मुख्य स्विच, तेही छोटीच्याच जोरावर जोडले जातात. छोटी बसली की मोठी शंभर टक्के भरलेली असली तरी निरुपयोगी. गाडी यार्डात महिनोन् महिने उभी राहिली तर पहिला फटका या छोट्या बॅटरीला बसतो, आणि एकदा खोलवर उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. आम्ही ती बदलून मागितली. तोंडी ‘हो हो, करून देतो’ झालं. मग ईमेल केला, आणि चार दिवसांत नवी बसली.

त्या यार्डात तासभर घालवला तो असा. चासी नंबर बिलावरच्या नंबराशी ताडून पाहिला आणि उत्पादनाचा महिना कागदावर मागितला. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. ‘१८२५’ म्हणजे २०२५चा अठरावा आठवडा. चारही टायर एकाच सुमाराचे आहेत का, ते पाहिलं. मग भाऊजी चक्क जमिनीवर आडवे झाले आणि मोबाइलच्या उजेडात गाडीचं पोट बघितलं, कारण मोठी बॅटरी तिथेच असते आणि ट्रेलरवर चढवता-उतरवताना घासली जाते ती तिथेच. इंजिन ऑइल नसलं तरी कूलंट असतं, ब्रेक ऑइल असतं. कूलंटच्या टाकीत पातळी खुणेच्या खाली असेल तर का, हे विचारायचं.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चार्जिंग करून बघणं. हे जवळजवळ कुणीच करत नाही. गाडीच्या चार्जिंगच्या झाकणाखाली दोन भाग असतात: वरचा गोल भाग घरात येणाऱ्या एसी विजेवरच्या चार्जिंगचा, खालच्या दोन जाड पिना हायवेवरच्या डीसी फास्ट चार्जिंगच्या. दोन्ही मार्ग वेगळे आहेत, एक चालला म्हणून दुसरा चालेलच असं नाही. दोन्हीवर दहा-दहा मिनिटं लावा, टक्का वर सरकताना डोळ्यांनी बघा. डीसीचा दोष घरी कधीच कळत नाही. तो कळतो पहिल्या लांबच्या प्रवासात, रात्री, मुलंबाळं गाडीत असताना.

हे सगळं नोंदणीच्या आधी करायचं. नंबर पडल्याशिवाय, निदान तात्पुरता, शोरूमला गाडी तुमच्या हाती देता येत नाही. पण एकदा तुमच्या नावावर नंबर पडला की ती गाडी तुमची. मग ओरखडा असो की मेलेली बॅटरी, ‘दुसरी गाडी द्या’ म्हणण्याची ताकद संपते, उरते ती फक्त ‘दुरुस्त करून देतो’. बऱ्याच लोकांना अजून वाटतं की आरटीओत इन्स्पेक्टर गाडी बघून पास करतात. कंपनीतून पूर्ण तयार होऊन आलेल्या नव्या खासगी गाडीची नोंदणी आता डीलरकडूनच ऑनलाइन होते, गाडी आरटीओत न्यावीच लागत नाही. म्हणजे तुमच्या वतीने ती बघणारं कुणीही नाही.

‘कुठल्याही प्लगला लावा’

हा मुद्दा मला सगळ्यात धोक्याचा वाटतो.

भाऊजींचं घर साताऱ्याला, चाळीसेक वर्षांपूर्वी बांधलेलं. गाडी यायच्या आधी मी सांगितलं, सोबत मिळणारा चार्जर आधी मागून घ्या आणि घरी लावून बघा. तो नुसता भिंतीत खोचला तरी स्वतःची तपासणी करतो. पोर्चमधल्या सॉकेटला लावला आणि डब्यावर लाल दिवा लुकलुकायला लागला. वायरमन दादांना बोलावलं. त्यांनी मीटरची एक पिन न्यूट्रलमध्ये आणि दुसरी अर्थिंगच्या भोकात घातली. आकडा आला ३८ व्होल्ट. ‘ताई, इथे अर्थिंग नावालाच आहे.’ घरामागचा अर्थिंगचा खड्डा उकरला तर पाइप गंजून माती कोरडी ठणठणीत. नवा पाइप, मीठ, कोळसा, चार बादल्या पाणी. संध्याकाळी पुन्हा मीटर लावला, आकडा २ व्होल्ट. डब्यावर हिरवा दिवा लागला तेव्हा सगळं घर पोर्चमध्ये जमलं होतं.

चार्जर अडून बसला हे चांगलंच झालं. त्याच सॉकेटवर इतकी वर्षं कपडे धुण्याचं मशीन चालत होतं.

मोबाइलचा चार्जर काही वॅट ओढतो. गाडीचा साधा चार्जर तीन किलोवॅटच्या आसपास, म्हणजे गिझर चालू ठेवल्यासारखं, आणि तेही दहा-बारा तास सलग. त्याला १६ अँपियरचं सॉकेट, स्वतंत्र लाइन, स्वतःचा एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) आणि पुरेशा जाडीची तांब्याची वायर लागते. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. सैल पिन तापते आणि प्लास्टिक वितळतं. कंपनीचा ७.२ किलोवॅटचा भिंतीवरचा चार्जर लावणार असाल तर तो एकटाच ३२ अँपियर खातो. वीजबिल काढा, त्यावर मंजूर भार छापलेला असतो. तो कमी असेल तर वाढवून घ्यायचा अर्ज गाडी बुक करतानाच टाका, गाडी दारात आल्यावर नव्हे.

हिशेबही आधीच करा. महिन्याला हजार किलोमीटर आणि युनिटला सात किलोमीटर धरले, वाया जाणारी वीज मोजली, तर दीडशे-एकशे साठ युनिट वाढतात. महावितरणचे घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातात, त्यामुळे ही वाढ तुमच्या सगळ्यात महाग टप्प्यात पडते. तरीही पेट्रोलपेक्षा खूप स्वस्तच पडतं. फक्त पहिलं बिल बघून घरात भांडण नको.

फ्लॅटमध्ये राहत असाल तर पार्किंगपर्यंत वायर न्यायला कमिटीशी बोलणं आलं. आपल्या घरच्या वीजजोडणीवर आपली गाडी चार्ज करता येते, हे केंद्राच्या ऊर्जा मंत्रालयाने आपल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलं आहे. तो कागद छापून सोबत न्या, पण आवाज चढवून नव्हे. सेक्रेटरी काकांना आगीची भीती वाटते आणि ती भीती खरी असते. वायर कुठून जाणार, एमसीबी कुठे बसणार, काम कोण करणार, हे कागदावर काढून दाखवलं की बहुतेक ठिकाणी मार्ग निघतो.

‘रेंज कमी दिसली तर बॅटरी खराब’

जाहिरातीतला आकडा ठरलेल्या चाचणीतला असतो, ठरलेल्या वेगाने, प्रयोगशाळेत. एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकी चढताना तो मिळत नाही आणि मिळायचाही नाही. टाटाने तर आता चाचणीच्या आकड्यासोबत ‘सी ७५’ नावाने प्रत्यक्ष रस्त्यावरचा अंदाज द्यायला सुरुवात केली आहे, ही चांगली गोष्ट आहे.

शोरूममध्ये स्क्रीनवर दिसणारी रेंज मात्र बॅटरीची तब्येत सांगतच नाही. गाडी आधी कशी चालवली गेली, त्यावरून ती पुढचा अंदाज बांधते. यार्डात पुढे-मागे ढकलत, एसी लावून उभी राहिलेली गाडी साहजिकच कमी आकडा दाखवणार. आठवडाभर नीट चालवा, आकडा आपोआप सरकतो. बॅटरीची तब्येत हवी असेल तर सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरवर तिचं एसओएच, म्हणजे नव्या बॅटरीच्या तुलनेत उरलेली क्षमता, किती टक्के आहे ते विचारा.

‘८० टक्क्यांच्या वर नको’

इथे मेसेज अर्धा खरा आहे, आणि अर्धं खरं जास्त फसवतं. बॅटरी निकेल-मँगेनीज-कोबाल्टची असेल, म्हणजे एनएमसी, तर रोजच्या वापराला ८० टक्के बरे. फुल भरून उन्हात उभी ठेवणं तिला मानवत नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत आता लोह-फॉस्फेटची, एलएफपी बॅटरी असते. तिचा व्होल्टेज मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे चार्ज नेमका किती उरलाय हे गाडीच्या कॉम्प्युटरला ओळखणं अवघड जातं. अधूनमधून शंभर टक्के भरली की त्याला पक्की खूण मिळते आणि सेल एकसारखे करून घेता येतात. वर्षभर ८०वर थांबणाऱ्या एलएफपी गाडीत १५ टक्के दिसताना अचानक खाली घसरण होऊ शकते. म्हणून गाडी घेताना सेल्समनला एकच प्रश्न: एलएफपी की एनएमसी? त्याला सांगता आलं नाही तर मॅन्युअल उघडा. किती दिवसांनी फुल करायची, ते त्यात लिहिलेलं असतं.

‘आयुष्यभराची वॉरंटी’

कुणाचं आयुष्य, ते वाचा. टाटाच्या बाबतीत ते पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षं आहे आणि तेही पहिल्या मालकासाठी. गाडी विकली की अटी बदलतात. बाकी बऱ्याच गाड्यांना ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते. तब्येत किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर बॅटरी बदलून मिळेल, सर्व्हिस चुकली तर काय, हे लेखी घ्या. आणि वॉरंटी पाण्यात बुडालेल्या किंवा दगडावर आपटलेल्या बॅटरीला लागू होत नाही, तिथे विमा लागतो. बॅटरीसाठी आणि चार्जरसाठी वेगळं कव्हर घ्यायचं ते यासाठीच. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती कुणी करू शकत नाही. दोन ठिकाणचे कोटेशन मागवा.

‘टॅक्स, टोल, व्याज, सगळ्यात सूट’

कर्जाच्या व्याजावर दीड लाखापर्यंत वजावट देणारं आयकराचं कलम ८०ईईबी फक्त १ एप्रिल २०१९ ते ३१ मार्च २०२३ या काळात मंजूर झालेल्या कर्जांना लागू होतं. आज कर्ज काढणाऱ्याला ती मिळत नाही. हा मेसेज वाचून ईएमआयचं गणित मांडलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे ठळक सांगते.

टोलचं म्हणाल तर महाराष्ट्राच्या २०२५च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांवर इलेक्ट्रिक कारना माफी आहे. पण भाऊजी पुण्याहून साताऱ्याला गेले, तेव्हा खेड शिवापूरलाही पैसे कापले गेले आणि आनेवाडीलाही. तो राष्ट्रीय महामार्ग आहे, तिथे ही माफी नाही. फास्टॅग बऱ्याचदा चासी नंबरावर काढलेला असतो, तो गाडीच्या नंबराशी जोडून घ्यायला विसरू नका.

नोंदणी शुल्क मात्र केंद्राने २०२१पासून खरोखरच माफ केलं आहे. कोटेशनमध्ये आरटीओच्या नावाखाली मोठी रक्कम दिसली तर कशाकशाची, ते विचारा. नंबर प्लेट, कर्जाचा बोजा चढवणं असे काही खर्च असतात, पण प्रत्येकाची पावती असते.

दसऱ्याच्या सकाळी शोरूममध्ये झेंडूचे हार, पेढे, फोटोवाला, सगळी गडबड होती. ‘सगळं मिळालं’ असा कागद सहीसाठी पुढे आला. भाऊजींनी पेन हातात घेतलं, थांबले, मागची डिकी उघडली. चार्जर होता. दुसरी चावी होती. त्या गाडीला स्टेपनी येत नाही, तिच्या जागी पंक्चर किट असतं, ते मात्र नव्हतं. दहा मिनिटांनी आतून कुणीतरी ते घेऊन आलं. मग सही झाली, चारही चाकांखाली लिंबं ठेवली आणि सासूबाईंनी नारळ वाढवला.