स्वतःचं राज्य काढायचंय? आधी आईला सोबत घ्या

नोकरीला कंटाळून लोक कॅफे काढतात, तुम्ही डायरेक्ट राज्य काढा. भांडवल लागत नाही, फक्त डोक्यावर एक मोडकळीला आलेलं साम्राज्य हवं, आणि नवव्या शतकाच्या शेवटी चीनमध्ये तसलं एक तयारच होतं, तांग घराणं, नावापुरतं उरलेलं. त्यातूनच मिन नावाचं राज्य निघालं, त्याची ही गोष्ट.

पहिली अट, बॉस येडा असावा. आपल्या हीरोचा, म्हणजे हनानमधल्या गूशीच्या तालुका कचेरीतला कारकून वांग छाओ याचा, बॉस होता वांग श्यू, धंद्याने खाटीक. वरच्या सरदाराने कर मागितला, याच्याकडे द्यायला नाही, मग काय, 885 साली पाच हजार सैनिक घेऊन दक्षिणेला पळाला, पार आग्नेयेच्या फूच्यान प्रांताच्या किनाऱ्याकडे. वाटेत धान्य संपायला लागलं तेव्हा हुकूम काढला की म्हातारी माणसं बरोबर आणायची नाहीत. वांग छाओ आणि त्याच्या दोन भावांनी आईला आणलंच. खाटीकसाहेब म्हणाले हिला मारतो, तर तिघं म्हणाले आधी आम्हाला मारा, आई गेल्यावर पोरं घेऊन करणार काय. सगळं लष्कर मधे पडलं आणि म्हातारी वाचली. इथेच इलेक्शन जिंकलं समजा.

आता ज्योतिषी. एकाने सांगितलं की सैन्यात राजयोग असलेला माणूस आहे, तर हा खाटीकबाबा जो कोणी उंचापुरा किंवा आपल्यापेक्षा हुशार दिसेल त्याला उडवायला लागला. वांग छाओने काय केलं, आघाडीच्या सरदाराला गाठून हळूच म्हणाला, तुझ्या दाढीभुवया देवासारख्या आहेत रे, घोड्यावरून बाणही मस्त मारतोस, मला तुझी काळजी वाटते. बस. पुढे बांबूच्या बेटात काही जण दबा धरून बसले, बॉस आला, बांधला, विषय संपला. (एचआरवाल्यांनी नोंद घ्यावी, दाढीची तारीफ फुकट असते.)

आता म्होरक्या वांग छाओ. मग च्वानझौ या फूच्यानमधल्या शहराचे वडीलधारे गोमांस आणि दारू घेऊन आडवे आले, आमचा सुभेदार लुटारू आहे, तुम्हीच बघा काहीतरी. वेढा वर्षभर चालला, 886 ला शहर हाती आलं. 893 मध्ये फूच्यानमधलंच फुझौ. तिथे माणसं फार पडली, वेढा घालणारे सरदार माघारी जाऊ म्हणाले, तर वांग छाओचा निरोप: सैनिक संपले तर सैनिक पाठवतो, सरदार संपले तर सरदार, दोन्ही संपले की मी येतो. असा मॅनेजर मिळाला तर राजीनामा कोण देईल.

मरताना स्वतःच्या पोरांना डावलून गादी धाकट्या भावाला दिली, वांग शेन्झीला. 909 साली, तांग संपल्यावर उत्तरेत आलेल्या नव्या लिआंग दरबाराने त्याला मिनचा, म्हणजे फूच्यानचा, राजा केलं, आणि हा पठ्ठ्या सम्राट व्हायलाच तयार नाही, म्हणे दार बंद करून सम्राट होण्यापेक्षा दार उघडं ठेवून सुभेदारी बरी. बंदरं, जहाजं, शिशाची नाणी, सगळं रांगेत. एवढं मात्र करू नका, पोरांना आयत्याची सवय लागते.

925 ला तो गेला, वर्ष-दोन वर्षांत एका मुलाने दुसऱ्याला संपवलं, 933 ला तोच सम्राट झाला, मग त्यालाही संपवलं, मग पुढच्याला. 945 मध्ये शेजारचं दक्षिण तांग नावाचं राज्य येऊन उरलेलं गोळा करून गेलं. 909 पासून धरलं तर 36 वर्षं, म्हणजे आमच्या सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणापेक्षा थोडंच जास्त.