कच्चा डॉक्टर होऊ इच्छिणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या काउंटीच्या परिवीक्षा विभागात, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्या गुन्हेगारांच्या खात्यात, दहा-बारा वर्षे नोकरी झाली, हाताखालची माणसे बढती घेऊन पुढे गेली, मुलगी कॉलेजात जाण्याच्या वयाची झाली, आणि न्यू जर्सीतल्या गणेशोत्सवात सूत्रसंचालक आपला उल्लेख अजूनही नुसता ‘श्री.’ असा करतो, ही गोष्ट ज्या दिवशी मनाला लागेल, त्याच रात्री तुमच्या मोबाइलवर ‘गुन्हेगारी न्याय आणि मानवसेवा’ या विषयातील ऑनलाइन डॉक्टरेटची जाहिरात आपणहून अवतरेल. तिच्याखालच्या रकान्यात दूरध्वनी क्रमांक विनासंकोच भरावा. विचार करण्याचे काम तिथे संपते. त्यानंतर दारावरची पाटी नवी करायला टाकावी आणि नावाच्या आधी दोन अक्षरांची व एका टिंबाची जागा मोकळी ठेवायला सांगावे, कारण शुभकार्याची तयारी आधीपासून असलेली बरी.

दुसऱ्या दिवशी सकाळचा चहा होण्याआधी फोन येतो. बोलणारा गृहस्थ नावनोंदणी सल्लागार असतो; त्याला विक्रेता म्हणू नये, त्याचे मन दुखावते. तुम्हाला डॉक्टरेट का हवी, असे तो अत्यंत आस्थेने विचारील, आणि तुम्ही काहीही उत्तर दिले तरी ‘तुमच्यासारख्यांसाठीच हा अभ्यासक्रम आखला आहे’ असे सांगेल. या वाक्याच्या खरेपणाविषयी शंका घेऊ नये. लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी १९७९ मध्ये मांडलेला एक सिद्धांत तुम्हाला पुढे पहिल्या-दुसऱ्या सत्रात शिकायचाच आहे: उद्युक्त झालेला गुन्हेगार, सोयीचे सावज आणि राखणदाराची अनुपस्थिती या तीन गोष्टी एका वेळी एका ठिकाणी आल्या की गुन्हा घडतो. हा सिद्धांत अर्थातच चोऱ्या-घरफोड्यांविषयी आहे, त्याचा येथे काही संबंध नाही. तरीही फोन चालू असताना घरातील हिशेबी माणसाला भाजी आणायला पाठवावे, हे उत्तम.

सल्लागाराला प्रश्न विचारण्याची फारच हौस असेल, तर ते पदवीदानाच्या झग्याविषयी विचारावेत. अमेरिकेत डॉक्टरेटच्या झग्याच्या प्रत्येक बाहीवर मखमलीच्या तीन पट्ट्या असतात आणि त्यांविषयी तो मोकळेपणाने बोलतो. किती जणांनी प्रवेश घेतला, त्यांतील किती जणांनी पदवी मिळवली आणि त्यांना प्रत्यक्षात किती डॉलर लागले, हे तीन प्रश्न मात्र टाळावेत, कारण त्यांनी संभाषणाचा गोडवा जातो. असे प्रश्न सरकारने विचारले की काय होते, हे ठाऊक असावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने ॲरिझोनातील ग्रँड कॅनियन विद्यापीठाला ३ कोटी ७७ लाख डॉलरचा दंड ठोठावला. डॉक्टरेटचा खर्च ४० ते ४९ हजार डॉलर इतका सांगितला जातो, पण तेवढ्या खर्चात ती पूर्ण करणारे पदवीधर २ टक्क्यांहूनही कमी आहेत, असे खात्याचे म्हणणे होते. विद्यापीठाने आरोप नाकारले, आणि मे २०२५ मध्ये खात्याने तो दंड मागेही घेतला. वॉल्डन या दुसऱ्या विद्यापीठाने व्यवसाय प्रशासनाच्या डॉक्टरेटच्या विद्यार्थ्यांनी लावलेला असाच दावा २०२४ मध्ये २ कोटी ८५ लाख डॉलर देऊन मिटवला. तात्पर्य, विद्यापीठाला दंडमाफी मिळू शकते, तडजोडही करता येते. तुम्ही कर्ज काढून भरलेल्या शुल्काच्या बाबतीत तशी अपेक्षा ठेवणे मात्र विद्यार्थ्याच्या नम्रतेला शोभणारे नाही.

कर्जाचे एक बरे झाले आहे. २०२५ च्या कायद्याने पदव्युत्तर विद्यार्थ्यांना संपूर्ण खर्चाइतके केंद्रीय कर्ज देणारी योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी बंद केली, आणि अशा अभ्यासक्रमांसाठी वर्षाला २०,५०० व एकूण १ लाख डॉलरची मर्यादा घातली. शिस्तीची जबाबदारी सरकारनेच घेतल्यामुळे उरलेली रक्कम खाजगी बँकेकडून, तिला वाटेल त्या व्याजाने, घेण्याचा मार्ग तुम्हाला निश्चिंतपणे मोकळा झाला आहे.

आता अभ्यासाकडे वळू. आठवड्याचा क्रम असा असतो, की बुधवारी रात्रीपर्यंत चर्चाफलकावर तीनशे शब्दांचा मजकूर दोन संदर्भांसह टाकायचा आणि रविवारी रात्री अकरा वाजून एकोणसाठ मिनिटांच्या आत दोन सहाध्यायांच्या मजकुरावर अभिप्राय द्यायचा. ‘तुमचा मुद्दा अत्यंत विचारप्रवर्तक आहे’ या वाक्याने सुरुवात करून ‘याविषयी आणखी वाचायला आवडेल’ या वाक्याने शेवट केला, की मधल्या भागाकडे कोणी फारसे पाहत नाही. रॉबर्ट मर्टन याने १९३८ मध्ये समाजमान्य ध्येये आणि ती गाठण्याची साधने यांच्यातील ताणावरून माणसांचे पाच प्रकार पाडले होते. त्यांतला एक प्रकार कर्मकांडी माणसाचा: त्याने ध्येय केव्हाच सोडून दिलेले असते, पण विधी मात्र काटेकोरपणे पार पाडणे चालू असते. या प्रकारावर टिपण लिहायला सांगितले, तर ते रविवारी रात्री पावणेबारा वाजता लिहावे, म्हणजे उदाहरण शोधत हिंडावे लागणार नाही.

तुमच्या वर्गात रात्रपाळीचा तुरुंगरक्षक असेल, बालसुधारगृहातली समुपदेशक असेल, आणीबाणीचे दूरध्वनी घेणारी बाई असेल, आणि सगळे मिळून अशा काही गोष्टी जाणत असतील, की ज्या कोणत्याही नियतकालिकात छापून आलेल्या नाहीत. या गोष्टी फलकावर लिहू नयेत. पंधरा वर्षे तुरुंगाच्या कोठड्यांसमोरून फिरून तुम्हाला जे कळले, ते ‘किस्सा’ ठरते. तेच तुम्ही एखाद्या प्राध्यापकाला मुलाखतीत सांगितले आणि त्याने छापले, की ते ‘साहित्य’ ठरते, आणि मग तुम्ही ते, वर्ष व पृष्ठक्रमांक देऊन, स्वतःच्याच तोंडचे वाक्य म्हणून नव्हे तर त्याचे म्हणून उद्धृत करू शकता. स्वल्पविराम चुकला तर गुण जातात, एवढे लक्षात ठेवावे. (मानवसेवा या शब्दातल्या मानवाची गाठ या अवस्थेत पडत नाही, याचे वाईट वाटून घेऊ नये, पुढेही पडणार नाही.)

पुढे का पडणार नाही, हे समजून घेणे उपयुक्त आहे. फिलाडेल्फियातील होम्सबर्ग तुरुंगात १९५१ पासून १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवर औषधे, प्रसाधने आणि रसायने यांचे प्रयोग चालले होते. अशा प्रकारांनंतर १९७८ मध्ये कैद्यांवरील संशोधनासाठी स्वतंत्र केंद्रीय नियम आले, आणि अशा संशोधनाला मान्यता देणाऱ्या नैतिकता समितीवर निदान एक सदस्य कैदी किंवा कैद्यांचा प्रतिनिधी असावा, असे त्यांत ठरले. नियम न्याय्य आहे. त्यामागे माणसांच्या पाठी सोललेल्या आहेत. परंतु कैद्यांच्या रक्षणासाठी केलेल्या या नियमाचा ऑनलाइन डॉक्टरेटला झालेला लाभ असा, की तुम्ही कैद्यांना भेटण्याचा प्रस्ताव मांडताच मार्गदर्शक तुम्हाला मायेने बाजूला घेऊन म्हणतात, की समितीत वर्ष जाईल, त्यापेक्षा बारा निवृत्त अधिकाऱ्यांशी झूमवर बोला. मग ‘मध्यम आकाराच्या एका राज्यातील बारा निवृत्त अधिकाऱ्यांच्या जगण्याच्या अनुभवांचा गुणात्मक अभ्यास’ या स्वरूपाचे शीर्षक तयार होते, आणि गुन्हेगारीवरील दोनशे पानांचा प्रबंध एकाही गुन्हेगाराशी, कैद्याशी किंवा गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाशी एक शब्दही न बोलता पूर्ण होऊ शकतो. बारापैकी नवव्या अधिकाऱ्यानंतर सगळे तेच ते सांगू लागतात. याला पुनरुक्ती म्हणू नये; शास्त्रात याला संपृक्तता म्हणतात.

एवढे सोसवत नसेल आणि घाई असेल, तर मर्टनच्या वर्गवारीतला दुसरा प्रकार आहे: ध्येय मान्य, साधने मात्र स्वतःची. २००४ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने टेक्सासमधील ‘ट्रिनिटी सदर्न’ नावाच्या संस्थेकडे कोल्बी नोलन याच्या नावे अर्ज केला. अर्जदाराने २९९ डॉलरमध्ये पदवी मागितली होती. त्याचा कामाचा अनुभव पाहून संस्थेने आणखी शंभरेक डॉलरमध्ये एमबीए देऊ केली आणि चारपैकी ३.५ गुणांकाचे गुणपत्रकही दिले. कोल्बी नोलन हे मांजर होते. त्याच वर्षी अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेला अवघ्या तीन अमान्य संस्थांच्या नोंदींत ४६३ केंद्रीय कर्मचारी विद्यार्थी म्हणून सापडले. आणि वायोमिंगमध्ये पूर्वी मोटेल असलेल्या इमारतीतून चालणाऱ्या विद्यापीठाची डॉक्टरेट मिरवणाऱ्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला राजीनामा द्यावा लागला. ते पद गृहसुरक्षा विभागात होते. गुन्हेगारी न्यायाच्या अभ्यासकाला याहून जवळचा विषय सापडणे कठीण, पण तो प्रबंधासाठी सुचवू नये.

हा लेख कोल्हापुरात किंवा नांदेडात बसून वाचणाऱ्यांनी निराश होण्याचे कारण नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये, परदेशी विद्यापीठांशी हातमिळवणी करून शिक्षण-तंत्रज्ञान कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असा इशारा दिला, आणि त्यानंतरच्या महिन्यात आलेल्या नियमावलीत दूरस्थ व ऑनलाइन पीएचडीला सरळ मनाई केली. परंतु ही मनाई विद्यापीठांना आहे. लग्नपत्रिका, चौकातले फ्लेक्स आणि सत्काराचे सन्मानपत्र छापणाऱ्यांना ती लागू होत नाही, आणि ‘डॉ.’चा खरा खप तिथेच आहे. आयोग बनावट विद्यापीठांचीही यादी काढतो. तिच्यात नागपूरच्या एका संस्थेचे नाव वर्षानुवर्षे आहे, तेव्हा या क्षेत्रात महाराष्ट्र मागे आहे, असे कोणी म्हणू नये. एक खबरदारी मात्र घ्यावी. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या ‘प्रयास’ या प्रकल्पातील सामाजिक कार्यकर्ते १९९० पासून तुरुंगांत जाऊन कच्च्या कैद्यांच्या वकिलाची, जामिनाची आणि सुटकेनंतरच्या कामधंद्याची व्यवस्था पाहतात. त्यांच्याकडे जाऊ नये. तिथे कैदी भेटतात.

कच्च्या कैद्यांचा विषय निघालाच आहे, तर या शिक्षणक्रमाच्या सर्वांत दीर्घ आणि सर्वांत फलदायी अवस्थेविषयी लिहिले पाहिजे. सगळे श्रेयांक झाले, परीक्षा झाल्या, उरला फक्त प्रबंध. अशा माणसाला अमेरिकेत ‘प्रबंध सोडून बाकी सगळे’ अशा अर्थाची तीन अक्षरे लावतात. आपल्याकडे त्याला कच्चा डॉक्टर म्हणावे. २०२२ च्या राष्ट्रीय आकडेवारीनुसार भारतातील तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही असे. कच्चा डॉक्टरही असाच असतो: त्याला नापास कोणी केलेले नाही, पास कोणी करत नाही, आणि बाहेर कधी पडणार याची तारीख मिळत नाही. फरक आहे तो सवलतींचा. शिक्षा झालीच, तर कच्च्या कैदेत काढलेले दिवस तिच्यातून वजा होतात. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे तर पहिल्यांदाच सापडलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेचा एक-तृतीयांश काळ तुरुंगात घालवला, की काही अपवाद वगळता त्याला बंधपत्रावर सोडावे लागते. कच्च्या डॉक्टरला ही कलमे लागू नाहीत. त्याची मुदत उलटली, की जुने श्रेयांकच शिळे होतात आणि ते पुन्हा, नव्या दराने, मिळवावे लागतात.

या काळात दर सत्राला ‘प्रबंध चालू ठेवण्याचे’ शुल्क भरावे. तुम्ही एक ओळ लिहिली काय आणि शंभर लिहिल्या काय, ते बदलत नाही. प्रकरण पाठवले, की मार्गदर्शक चौदा दिवसांच्या आत उत्तर देण्यास बांधलेले असतात, आणि ते चौदाव्या दिवशी, म्हणजे तेरावा व्यवस्थित उरकल्यानंतर, ‘चांगले आहे, पण अधिक सखोल करा’ असे कळवतात. तुम्ही सखोल करता. मग मार्गदर्शक बदलतात, आणि नव्या मार्गदर्शकांना ते पसरट वाटते. सत्र संपते, शुल्क येते. या चक्रात विद्यापीठाला तुमची पदवी लवकर पूर्ण होण्यात कोणता लाभ आहे, असा प्रश्न एखाद्या रात्री पडलाच, तर तो संशोधनाचा प्रश्न म्हणून उत्तम आहे, पण विषय आता बदलता येत नाही.

पाटीचे मात्र ठरल्याप्रमाणे करावे. ती एव्हाना दारावर लागून सहा वर्षे झालेली असतील, आणि नाव एका बाजूला सरकलेले पाहून येणारा-जाणारा पाहुणा खिळा निसटला असेल, असे समजून ती हाताने सरळ करायला जाईल. त्याला करू द्यावी. मुलीने ती मोकळी जागा कसली म्हणून विचारले, तर तिथे काम चालू आहे असे सांगावे, आणि तिच्या कॉलेजच्या शुल्काचा विषय काढण्याआधी या सत्राचा हप्ता भरून टाकावा.