पाहाचं तीन किलोनं, उचलाचं सतरा

वजनाच्या बाबतीत खरं बोलणारा एकच माणूस जगात उरला आहे, तो म्हणजे एसटीचा कंडक्टर. दुर्बिणीच्या माउंटचे, म्हणजे दुर्बीण धरून फिरवणाऱ्या यंत्राचे, व्हिडिओ करणारी मंडळी कशालाही ‘पोर्टेबल’ म्हणतात, कारण त्यांच्या गाडीला डिकी असते. मी मित्राकडून उसना आणलेला ईक्यू६-आर नावाचा माउंट पोत्यात गुंडाळून लोणारच्या प्रवासाला निघालो. नुसतं डोकंच १७.३ किलोचं, तिपाई आणि तोल साधायची वजनं, म्हणजे काउंटरवेट, वेगळे. कंडक्टरने पोतं बुटाने चाचपलं.

“काय सर, मोटर रिवाइंडिंगले नेता का?”

“दुर्बिणीचा माउंट आहे.”

“मंग दुर्बीण कुठी हाय?”

मी खांद्यावरची झोळी दाखवली. ती त्याने हातात तोलून पाहिली.

“म्हंजे पाहाचं तीन किलोनं, अन् उचलाचं सतरा?” असं म्हणून त्याने पोत्याचं वेगळं तिकीट फाडलं. सुट्टे नव्हते म्हणून उरलेले पैसे तिकिटामागे लिहून दिले.

आता हे लोखंड वाहायचं कशाला? तर पृथ्वी २३ तास ५६ मिनिटांत स्वतःभोवती एक गिरकी घेते आणि कोणाच्या फोटोसाठी थांबत नाही. साध्या तिपाईवर १३५ मिलिमीटरची लेन्स लावली, तर ५०० भागिले १३५ या ठोकताळ्याने पावणेचार सेकंदांत उरकावं लागतं. त्यापुढे तारे लांबट होतात. मृगातला तेजोमेघ नीट उमटायचा तर मिनिटामिनिटाचे एक्सपोजर हवेत. म्हणून माउंटचा एक अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर लावायचा आणि ती फिरते त्याच वेगाने कॅमेरा उलट दिशेने फिरवायचा. फ्राउनहोफरने १८२४ साली डोर्पाटच्या दुर्बिणीला हीच व्यवस्था केली होती. त्याला ती एसटीत चढवायची नव्हती.

लोणारहून आल्यावर पाठ शेकता शेकता मी हलक्या माउंटचा शोध सुरू केला. सध्या बोलबाला आहे हार्मोनिक ड्राइव्हवाल्यांचा. लवचिक दातेरी चकतीची ही करामत १९५० च्या दशकात मसर नावाच्या अमेरिकन संशोधकाने काढली, आणि १९७१ मध्ये अपोलो १५ ची गाडी चंद्रावर फिरली तेव्हा तिच्या चाकांत तीच होती. झेडडब्ल्यूओ कंपनीचा एएम५ फक्त ५ किलोचा आहे आणि काउंटरवेटशिवाय १३ किलो पेलतो. मात्र या जातीच्या माउंटची चाल मुळात थोडी डुलती, म्हणून ती सतत सुधारत राहायला एका ताऱ्यावर नजर ठेवणारा गाइड कॅमेरा, त्याची छोटी दुर्बीण आणि एखादा संगणक लागतो. म्हणजे पोतं गेलं आणि तीन पिशव्या आल्या. मी बाबांना चंद्रावरच्या गाडीचं सांगितलं. त्यांनी किंमत विचारली.

“एवढ्यात चांगली बैलजोडी येते,” ते म्हणाले. “बैल असले त निदान शेन तरी पडते घरी. हे काय देते?”

मी लगेच छोट्या ट्रॅकरवर, म्हणजे नुसता कॅमेरा-लेन्स फिरवणाऱ्या लहान माउंटवर, उतरलो. दोन-अडीच किलोचं यंत्र, ५ किलोची क्षमता. पण या छंदातले जुने लोक सांगतात की फोटो काढायचे असतील तर छापील आकड्यावर निम्मा कडता कापायचा. बाबांनी उभा जन्म कापूस विकला आहे. त्यांना बाकी काही कळलं नाही, हे मात्र एका झटक्यात कळलं. “पाच सांगते अन् अडीच उचलते? कोन्या जिनिंगचा काटा हाय हा?”

त्या संध्याकाळी मी किराणा दुकानाच्या काट्यावर कॅमेरा ठेवला, मग लेन्स, मग लेन्सचा पट्टा, मग दव पडू नये म्हणून लेन्सला गुंडाळायची गरम पट्टी. दुकानदार प्रत्येक वेळी आकडा मोठ्याने वाचत होता आणि मागे साखर घ्यायला आलेल्या बायका ऐकत होत्या. दोन किलो शंभरवर काटा थांबला. “बसते,” दुकानदाराने निकाल दिला, आणि काटा वापरला म्हणून पाव किलो शेंगदाणे माझ्या गळ्यात मारले.

मधल्या काळात स्वदेशीचाही विचार झाला. दोन फळ्या, एक बिजागरी आणि एक बोल्ट एवढ्यावर तारे पकडायचा ट्रॅकर जॉर्ज हेग यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला होता. ६ मिलिमीटरचा साधा बोल्ट एका आट्याला १ मिलिमीटर सरकतो. तो मिनिटाला एक फेरा फिरवायचा असेल तर बिजागरीपासून २२८.६ मिलिमीटरवर बसवावा लागतो. मी हा आकडा कागदावर लिहून, खाली दोन रेघा मारून आमच्या सुतारमामांकडे नेला. पॉइंटनंतरचा सहासुद्धा महत्त्वाचा आहे हे बजावलं. त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, टेप ओढला.

“नऊ इंच म्हना ना सर. उगीच घाबरवता.”

खरोखर नऊ इंच. ते यंत्र आजही चालतं, रुंद लेन्सला छान चालतं. फक्त थंडीत कुडकुडत, घड्याळाकडे पाहत बोल्ट फिरवणारा माणूस लागतो, आणि माझा पुतण्या या कामावर झोपतो.

तर ट्रॅकर आला. खरी परीक्षा मात्र पोलर अलाइनमेंटची, म्हणजे माउंटचा अक्ष नेमका ध्रुवाकडे रोखायची. बहुतेक माउंट ज्या ग्राहकासाठी बेतलेले असतात तो ४५-५० अंश अक्षांशावर राहतो, त्याचा ध्रुव सोयीस्कर उंचीवर. आमच्या यवतमाळकडे ध्रुव साडेवीस अंशांच्या आसपास. हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी रचल्या की आलाच. तेवढ्याच उंचीत बांधावरची बाभूळ आणि गावाचा धूरही असतो. अक्ष इतका आडवा करावा लागतो की काउंटरवेटचा दांडा खाली येऊन तिपाईच्या पायालाच ठोकतो. मग मध्ये वीतभर नळकांडं चढवायचं. एवढं करून ध्रुव पाहायचं भिंग येतं कमरेच्या खाली. वावरात गुडघे टेकले की सराटे आपलं काम करतात. त्यात काळी माती: वरून टणक वाटते, आणि अलाइनमेंट जमली की एक पाय हळूच खचतो. त्याखाली फरशीचे तुकडे घालतो मी. आणि एवढी जिवाची दैना ज्याच्यासाठी, तो अढळ म्हणवणारा ध्रुवही खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून जास्त सरकलेला. तोही त्याच्याभोवती फिरतोच. अढळपद मिळालं खरं, पण जागा जरा बाजूची मिळाली.

मेहुणे पेंचकडे राहतात. पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा अंधार जपणारं उद्यान, म्हणून मान्यता मिळाली, तेव्हापासून ते बोलावत असतात. हे आबाजींना सांगितलं तर ते म्हणाले, “त्यासाठी तिकडं कायले जाता? आपल्याकडं लाईन गेली की रोजच हाय.”

आबाजी शेजारच्या वावरातले. रानडुकरांसाठी मचाणावर जागल करतात. मी मोबाइलचं होकायंत्र फिरवत होतो, तर त्यांनी बॅटरीचा झोत वर मारून ‘म्हातारीचं खाटलं आन् तीन चोर’ दाखवले, म्हणजे आपले सप्तर्षी, आणि त्यावरून ध्रुव. माझं ॲप तेव्हा अपडेट मागत होतं.

ट्रॅकरला १२ व्होल्ट लागतात. आबाजींच्या फवारणी पंपात १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तासाची बॅटरी असते आणि ट्रॅकर एक अँपिअरही ओढत नाही, म्हणून मी तीच मागून घेतली होती. रात्री बाराला आमच्या फिडरची लाईन आली, चहूकडून मोटरी सुरू झाल्या, आणि आबाजी ओलित लावून माझ्याकडे आले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मृगाचा गुलाबी तेजोमेघ उमटला होता. त्यांनी वाकून नीट पाहिला.

“झकास हाय. बॅटरी किती उतरली?”

“अर्धी असेल.”

“सकाळी सातले तुरीवर फवारा मारायचा हाय. शेंगेत अळी घुसली. लाईन जाते चारले. अडीचले सोडा, चार्जिंगले लावतो.”

मी तीन मागितले. मृग तोवर अजून चांगला वर आहे, असं बोट दाखवून पटवायचा प्रयत्नही केला. ते अळीवर ठाम राहिले. शेवटी पावणेतीनवर सौदा पटला, वर उरलेले शेंगदाणे त्यांचे.